न झिजणारं जुनं टेबल

टेबल बारा माणसांचं होतं आणि घरात माणसं तीन, त्यातलं एक शिकायला परगावी. हे गणित मला नंतर बऱ्याच जणांनी करून दाखवलं. विकत घेताना कोणी केलं नव्हतं. शिवाय टेबल खरं नव्हतं, त्यामुळे जिन्यातून वर चढेल का, दारातून आत शिरेल का, हे प्रश्न ज्या वेळी पडायला हवेत त्या वेळी पडलेच नाहीत.

खरं नव्हतं म्हणजे काय, ते सांगतो. कन्या परगावी गेल्यापासून दर रविवारी संध्याकाळी आम्ही फोनवर तिचा चेहरा बघत असू. "जेवलीस का?" "हो." "झोप होते ना?" "हो." मग तिघंही एकमेकांकडे बघत बसायचो, एखाद्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तसे. यावर कन्येनंच उपाय काढला. कॉम्प्युटरच्या आत एक गाव असतं. तिथे आपल्या वतीने आपला एक बाहुला हिंडतो. जागा घेता येते, घर मांडता येतं आणि घरात लागणारं सामान तिथल्या बाजारातून आणता येतं. ती त्याला 'वर्ल्ड' म्हणते. मी गावच म्हणतो, कारण तिथेही शेजारी आहेत.

आणि खरंच, त्या गावात बोलणं सुरू झालं. समोरासमोर बसलं की माणसं गप्प होतात. बरोबर चालायला लागली की बोलतात. तळ्याकाठी आमचे तीन बाहुले चालू लागले, की कन्या एका विषयात नापास झाल्याचं सहज सांगून टाकायची. फोनवर हे सांगायला तिने जन्म घालवला असता. तेव्हा ते गाव आम्हाला हवं होतं. गावातलं घरही हवं होतं. फक्त सामानाची खरेदी माझ्याकडे द्यायला नको होती.

टेबल देखणं होतं. पायांवर वेलबुट्टी, कडेने द्राक्षांचे घोस. पण त्या गावात प्रत्येक घराला सामानाची मर्यादा असते आणि ती वस्तूंच्या आकारावर ठरत नाही, त्यातल्या नक्षीवर ठरते. आमच्या टेबलाचं प्रत्येक द्राक्ष वेगळं मोजलं गेलं. टेबल मांडल्यावर घराने पुढे एक साधं स्टूलही घ्यायला नकार दिला.

"बाबा," त्या रविवारी कन्या म्हणाली, "मी आपल्याच घरात उभी आहे."

"काढून टाका ते," बायको म्हणाली. काढून टाकायचं बटण होतंही, तिने ते बोट ठेवून दाखवलं. पण आमच्यासारख्या माणसांना चांगली वस्तू काढून टाकता येत नाही. आम्ही ती आधी ठेवून देतो, मग कोणाला तरी देऊ करतो आणि तो नको म्हणाला, की विकायला काढतो. ठेवायला माळा नव्हता, नको म्हणणाऱ्यांमध्ये माझा सख्खा मेव्हणाही होता, म्हणून मी त्या बाजारात एक गाळा उघडला आणि टेबल विकायला लावलं. गाळ्यातला माल विकला जाईपर्यंत घराच्याच मर्यादेत धरला जातो, हे वेगळं. खाली लिहिलं, 'उत्तम स्थितीत, अजिबात वापर नाही.'

मग गिऱ्हाइकाच्या नजरेने बघावं म्हणून मी स्वतः बाजारात जाऊन 'टेबल' असा शोध घेतला. टेबलं पुष्कळ निघाली, माझं नव्हतं. 'मोठं टेबल', 'नक्षीचं टेबल', 'द्राक्षांचं टेबल'. शेवटच्या शोधाला नेमकं तेच टेबल मिळालं, पण ज्याने ते मुळात बनवलं त्याच्या दुकानातलं. माझं टेबल माझ्या गाळ्यात उभं होतं आणि बाजाराच्या दृष्टीने जन्मालाच आलं नव्हतं.

कन्येने फोनवरून शोध लावला. पडद्याच्या डाव्या बाजूला, नजर जाणार नाही अशा जागी, एक लहानसा चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'फक्त मूळ कारागिराकडून'. आणि त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. ती काढली तरच एकदा विकलेला, पुन्हा विकायला आलेला, बाजाराच्या भाषेत 'जुना माल' दिसणार.

"पण ती खूण काढतं कोण?" मी विचारलं.

"कोणीच नाही. ती तिथे आहे हे मलाही आज कळलं. डिफॉल्ट आहे ते, बाबा."

डिफॉल्ट म्हणजे, आपण काही ठरवलं नाही तर आपल्या वतीने दुसऱ्याने ठरवून ठेवलेलं. असल्या गोष्टी आपल्याभोवती किती असतात हे मला तेव्हापासून दिसू लागलं. आमच्या बैठकीच्या खोलीतला पंखा कायम तीनवर असतो. तो तीनवर कोणी ठेवला हे कोणालाही सांगता येत नाही. मी वीज कंपनीच्या तक्रार विभागात आहे. आमच्या कागदाच्या तळाशी 'तक्रारदाराचे समाधान झाले आहे' हे वाक्य छापूनच येतं. ज्याचं समाधान झालेलं नसेल त्याने ते पेनाने खोडायचं. लोक पेन आणत नाहीत. आमच्या विभागाचा लौकिक फार चांगला आहे.

पण मला खरं लागलं ते 'जुना माल' हे. त्या टेबलावर कोणी कप ठेवला नव्हता. त्या गावात धूळ नाही, वाळवी नाही, ऊन नाही. ते टेबल पहिल्या दिवशी होतं तसंच आजही होतं आणि जगबुडीपर्यंत तसंच राहणार होतं. त्या व्यवहारात जुना झालेला असा एकच जिन्नस होता, तो म्हणजे मी.

आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात काढली, साहेबापुढे कागद लावण्यात. ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मुद्दा असा आहे' अशी करतात, म्हणून कन्येने लहानपणी त्यांना मुद्देकाका म्हणायला सुरुवात केली आणि आता त्यांच्या सूनबाईसुद्धा तेच म्हणतात. ते वर्तमानपत्र परत द्यायला आले असताना मी त्यांना सगळं सांगितलं.

"मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "टेबल सध्या कुठे आहे?"

"तसं म्हटलं तर कुठेच नाही."

"म्हणजे चोरीला गेलं."

"नाही हो. आहे. पण नाही."

ते बराच वेळ विचार करत राहिले. त्यांनी असे साक्षीदार पूर्वी पाहिले असावेत. मग त्यांना ते उमगलं आणि उमगल्यावर माझ्यापेक्षा जास्त उमगलं. "म्हणजे दुकान उघडं आहे, माल आत आहे, आणि पाटीवर तिसऱ्याच माणसाने पडदा टाकलाय. हा उघड अन्याय आहे. दाद मागा."

दाद मागण्याआधी मी आमच्या इमारतीखालच्या जुन्या फर्निचरवाल्याचा सल्ला घेतला, कारण जुन्या मालाची विक्री हा त्याचा धंदा. दाद आधी मागितली असती तर बरं झालं असतं. त्याने मोबाइलवर माझ्या टेबलाचं चित्र पाहिलं आणि मान हलवली.

"हे फार नवं दिसतंय साहेब. जुनं म्हणून विकताय आणि एक ओरखडा नाही? गिऱ्हाइकाला वाटतं, काहीतरी गडबड आहे. ओरखडा म्हणजे विश्वास."

आमची ही एका छापखान्यात खोक्यांची डिझाइनं करते. औषधाच्या बाटलीपासून मिक्सरपर्यंत जे जे खोक्यातून येतं त्याच्या घड्या कुठे पडायच्या हे ती ठरवते, त्यामुळे चित्रं काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये तिचा हात बसलेला आहे. मी तिला विनंती केली, की टेबलावर एक ओरखडा आणि शक्य झाल्यास चहाच्या कपाचा एक डाग काढून दे. "हे शहाणपण कोणाचं?" तिने विचारलं. मी जाणकाराचं आहे म्हणालो. डाग तिने असा काढला, की मी बाहीने पडदा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाजाराकडून सूचना आली. मी विकायला ठेवलेली वस्तू ही मूळ वस्तूत फेरफार करून बनवलेली नक्कल असल्याचं आढळलं आहे. खुलासा होईपर्यंत माझा गाळा बंद. गाळ्याच्या दारावर 'चौकशी सुरू आहे' अशी पट्टी लागली. सगळ्या नोकरीत माझी कधी चौकशी झाली नव्हती. माझ्याकडे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं हे त्याचं एक कारण असेल, पण नव्हती झाली. आणि आता एका चहाच्या डागासाठी, जो चहाचाही नव्हता, मी नकलाकार ठरलो. फर्निचरवाल्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "डाग मोठा झाला असेल."

मी बाजाराच्या मदत विभागाला लिहिलं. त्यानंतरचा पत्रव्यवहार मी, खरं सांगायचं तर, एका जाणकाराच्या रसिकतेने वाचला. पहिल्या उत्तरात त्यांनी लिहिल्याबद्दल माझे आभार मानले होते. दुसऱ्यात मी जे पाठवलं होतं तेच पुन्हा मागितलं होतं. तिसऱ्यात माझं प्रकरण योग्य विभागाकडे गेल्याचं कळवलं होतं. कुठल्या ते नव्हतं. चौथ्यात माझं समाधान झालं आहे असं गृहीत धरून तक्रार बंद करण्यात आली होती. तक्रारदाराच्या बाजूला बसून बघताना हे सगळं किती सफाईदार वाटतं. मी ते उत्तर आमच्या साहेबांना दाखवलं. त्यांनी ते स्वतःसाठी उतरवून घेतलं.

बायकोने डाग पुसला, ओरखडा बुजवला, टेबल पुन्हा कोवळं झालं आणि मी पुन्हा लिहिलं. या वेळी कोणीतरी माणूस भेटला असावा, कारण उत्तरात एक चूक होती. गाळा उघडला आहे, असं त्याने कळवलं. त्या खुणेविषयी म्हणाल, तर बऱ्याच जणांची कुरकुर आहे, म्हणून येत्या रविवारी दुपारी गावातल्या सभागृहात जाहीर सुनावणी ठेवली आहे. ज्यांना म्हणणं मांडायचं असेल त्यांनी यावं.

इथे मला जरा मागे जाऊन बायकोचं सांगायला हवं, कारण माझंही लक्ष तिकडे उशिराच गेलं. डाग काढता काढता तिला त्या प्रकारात गोडी लागली होती. खोक्यांच्या घड्यांवरून तिने एक कागदी दिवा केला. आत उजेड, बाहेर घड्या, आणि घड्यांच्या सावल्या भिंतीवर. स्वतःचा वेगळा गाळा उघडून तिने तो विकायला ठेवला आणि तो खपू लागला. मग दुसरा, उभट. मग एक लहानसा, उशाशी ठेवायचा. कधी तळ्याकाठून जाताना एखाद्या परक्या घराच्या खिडकीत तिचा दिवा दिसायचा. ती काही बोलायची नाही, पण तिचा बाहुला तिथे थोडा हळू चालायचा.

बाहुला म्हणजे बगळा. तिने आल्या आल्या बगळ्याचं रूप घेतलं होतं. मी पहिल्या दिवशी जे मिळालं तेच ठेवलं होतं: टक्कल आणि नारिंगी पॅन्ट.

सुनावणीचं मी जेवताना सांगितलं. "खूण काढायला लावणार," मी म्हणालो.

"का?" ती म्हणाली. "त्या खुणेमुळेच तर माझा दिवा दिसतो. एकाने माझे दिवे घाऊक घेतलेत आणि कमी किमतीत विकायला लावलेत. खूण गेली की वर तो दिसेल, खाली मी."

"घेतला म्हणजे दिवा त्याचा झाला."

"दिवा त्याचा झाला. बाजाराचा दर्शनी भाग त्याचा कसा झाला?"

"पण माझं टेबल नव्यासारखं आहे. झिजत नाही, फाटत नाही..."

"तेच म्हणते मी. लाकडाचं टेबल झिजतं म्हणून सुताराला पुन्हा काम मिळतं. माझा दिवा कधी विझणारच नाही. एकदा लोकांनी घेतला, की तोच आपापसांत फिरवत बसतील. मग मला कोण विचारणार?"

"भाजी छान झालीय आज," मी म्हणालो.

"कालची आहे," ती म्हणाली.

हे खरं तर माझ्या बाजूचं उत्तम उदाहरण होतं. पण ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुचलं.

रविवारी मुद्देकाका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. एवढ्यासाठी त्यांनी स्वतःही त्या गावात नाव नोंदवलं होतं. बायको म्हणाली तिला काम आहे, आणि आतल्या खोलीत गेली. छापखान्याचं असेल असं मला वाटलं, कारण मी विचारलं नाही.

सभागृह भरलं होतं. उजवीकडे कारागीर, डावीकडे आम्ही फेरविक्रीवाले. कारागिरांकडे मोर होते, राजकन्या होत्या, एक चालतं झाड होतं. आमच्याकडे बघितलं आणि मला कळलं की पहिल्या दिवशी मिळालेलं रूप न बदलणारा मी एकटा नव्हतो. आमच्या बाकांवर टकलं आणि नारिंगी पॅन्टी रांगेने बसल्या होत्या. त्यातला एक माझ्या आधी उठला आणि विनापरवाना टेबलं विकणाऱ्यांवर कारवाई करा म्हणून बोलला. टेबलवाला कोण म्हणून अर्धं सभागृह माझ्याकडे बघत राहिलं. दुसरं अर्धं दुसऱ्या एका निरपराध टकलाकडे बघत होतं, तेवढाच दिलासा.

मग अध्यक्षबाईंनी माझं नाव पुकारलं. उभं राहायचं बटण मला माहीत होतं. त्याच्या शेजारचं माहीत नव्हतं. माझा बाहुला उठला, दोन्ही हात वर केले आणि नाचू लागला.

"मुद्दा असा आहे," मुद्देकाका पडद्याकडे बघत हळूच म्हणाले, "हे थांबवा."

थांबवायचं कसं ते फक्त कन्येला माहीत होतं आणि ती अभ्यासात होती. त्यामुळे न्याय या विषयावरचं माझं आयुष्यातलं एकमेव भाषण मी नाचत केलं. तरी ते वाईट झालं नाही. मी म्हणालो, खूण गिऱ्हाइकाने लावलेली नाही, बाजाराने लावली आहे. ज्याला नवंच हवं आहे त्याने खुशाल तसं सांगावं. पण ज्याने काहीच सांगितलं नाही त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही परस्पर लावलात. आणि ज्या वस्तूत नव्याजुन्याचा फरक देवालाही करता येणार नाही, तिला तुम्ही जुनी म्हणून अंधारात ठेवता. आमच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. मुद्देकाकांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

मग कारागिरांच्या बाकांवरून एक बगळा उठला.

"मी दिवे बनवते," बगळा म्हणाला. हे वाक्य मी दोनदा ऐकलं. आधी आतल्या खोलीच्या दारातून, मग लगेच कॉम्प्युटरमधून.

"मुद्दा असा आहे," मुद्देकाका म्हणाले, "आवाज घरातला वाटतो."

"ज्या दोन सदस्यांचे आवाज एकमेकांत मिसळताहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांनी कृपया थोडं लांब बसावं."

मी दार लोटायला उठलो. ही कॉटवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप ठेवून बसली होती. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मी दार लोटेपर्यंत थांबली आणि पुढे चालू केलं. बंद दारातून ती फक्त कॉम्प्युटरमधून ऐकू येऊ लागली, आणि तशी ती मला जास्त परकी आणि जास्त मुद्देसूद वाटली. झिजण्याचा, सुताराचा, सगळा भाग तिने सांगितला. शेवटी म्हणाली, "आधी बोलले त्या सदस्यांची जाहिरात मी वाचली आहे. त्यात टेबलाचं कौतुक आहे, किंमत आहे, त्यांचं स्वतःचं नाव आहे. ती द्राक्षं एकेक करून ज्याने काढली त्याचं नाव नाही."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "सदस्य, आपण ते नाव सांगू शकाल का?"

मला ते माहीत नव्हतं. इतके आठवडे मी त्या टेबलासाठी भांडत होतो आणि ते कोणी बनवलं हे बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. माझा बाहुला नाचतच होता.

मुद्देकाका चहा न घेता वर गेले. असं पूर्वी झालेलं नाही.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं असं नाही. बोलण्यातली विशेषणं गेली. "गॅस संपलाय." "फोन वाजतोय." 'अहो'सुद्धा गेलं, वाक्यं हवेत सोडली जायची आणि ती आपल्यासाठी आहेत हे ज्याचं त्याने ओळखायचं. माझं म्हणणं असं होतं की तिने मला आधी सांगायला हवं होतं. तिचं म्हणणं काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्या रविवारी तळ्याच्या एका काठाला बगळा उभा होता आणि दुसऱ्या काठाला नारिंगी पॅन्ट. कन्या मधे.

"मी इथे तुम्हा दोघांना भेटायला येते," ती म्हणाली. "सुनावणीला नाही. मला बसायला एक खुर्ची हवी होती, एवढंच म्हणणं होतं माझं." आणि ती गेली. त्या गावातून जाणारा माणूस चालत जात नाही, दिसेनासा होतो. पुढच्या रविवारी आली नाही. परीक्षा आहे, असा निरोप आला. असेलही परीक्षा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं बैठकीच्या खोलीत, ती लॅपटॉपपुढे, मी कॉम्प्युटरपुढे, तळ्याकाठी वाट बघत राहिलो. दोन बाहुले, मधे कोणी नाही. मी कळ दाबून माझा बाहुला तळ्याला वळसा घालून बगळ्याजवळ नेला.

"ती द्राक्षं कोणी काढलीत?" मी विचारलं.

"आहेत एक बाई," ती म्हणाली. "अजून काढतात. आता डाळिंबं काढताहेत." आणि पुढे म्हणाली, "सांगणार होते मी त्या दिवशी. तुम्ही भाजीचं बोलायला लागलात."

मी गाळ्यात जाऊन जाहिरातीत त्या बाईंचं नाव लिहिलं, माझ्या नावाच्या वर. हिने ते वाचलं आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

"खूण लपवून लावली होती, हे बाकी तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "मी ते म्हणणार होते शेवटी. वेळ संपली."

ते दोन बाहुले मग थोडे चालले. मी कन्येला फोन केला, हिने माझ्या हातातून घेतला, आणि परीक्षा पुढच्याच आठवड्यात संपतेय असं कळलं.

निकाल लागला तोवर आमच्यात त्याचं फारसं अगत्य राहिलं नव्हतं. आधीच लावलेली खूण गेली. फेरविक्रीच्या प्रत्येक वस्तूवर मूळ कारागिराचं नाव येणार आणि विक्रीतला लहानसा वाटा त्याला जाणार. आणि बाजारात शिरणाऱ्या प्रत्येक खात्याला एकदा विचारलं जाणार, की तुम्हाला काय काय बघायचंय. कारागीर म्हणाले आम्ही जिंकलो, फेरविक्रीवाले म्हणाले आम्ही जिंकलो, त्यावरून निकाल बरा असावा.

टेबल त्याच आठवड्यात गेलं. घेणारे मुद्देकाका निघाले. त्यांनी गावात आमच्या शेजारचीच जागा घेतली होती. "मुद्दा असा आहे," ते म्हणाले, "दावा निकाली निघाला आणि मालाला गिऱ्हाईक नाही, हे आपल्या बाजूला शोभत नाही." त्यांच्या जागेची मर्यादा आमच्याएवढीच आहे आणि आता त्यांच्या घरात दुसरं काही मावत नाही, पण ते उभ्याने खूश आहेत. फर्निचरवाला म्हणतो, ओरखडा असता तर किंमत जास्त आली असती.

परीक्षा संपल्यावर कन्या आली. तिच्यासाठी खुर्ची मांडली होती, साधी, चार पाय आणि पाठ. ती बसली. हिचा उभट दिवा बाजूला ठेवला होता. "खाली एखादा गालिचा हवा," कन्या म्हणाली, म्हणून आम्ही घराच्या खात्यातून बाजार उघडला, आणि पडद्यावर तो प्रश्न येऊन उभा राहिला. फक्त मूळ कारागिरांचा माल, सगळा माल, नंतर विचारा. घराचं खातं एक, त्यामुळे उत्तरही एकच.

माउस माझ्या हातात होता.

"सांग," मी हिला म्हणालो.

"तुम्ही सांगा. तुम्ही भांडलात त्यासाठी."

"दिवे तुझे आहेत."

"टेबल तुमचं होतं."

"गालिचा," कन्या म्हणाली.

मी 'नंतर विचारा' दाबलं. तेव्हापासून बाजार उघडला, की तो प्रश्न येतो; कधी ही दाबते, कधी मी, आणि दोघंही दर वेळी तेच दाबतो. एकदा ऑफिसातल्या सवयीने मी त्या प्रश्नाच्या तळाचं बारीक अक्षरातलं वाक्य वाचलं. 'नंतर विचारा निवडल्यास पूर्वीची व्यवस्था लागू राहील.' म्हणजे आमच्या घरापुरती ती खूण जिथल्या तिथे आहे, आणि आम्हाला फक्त कारागिरांचाच माल दिसतो.

मुद्देकाकांना मी हे कळवलेलं नाही. हिने ते वाक्य वाचलंय की नाही, तेही विचारलेलं नाही. गालिचा निळा घेतला.